संकासूर आणि स्पिंडल मशीन

इनास मिस्त्री कुणाच्याही घरी गेले तरी खुर्चीवर सरळ बसत नसत. आधी खुर्ची उलटी करत, पायांचे सांधे अंगठ्याने दाबून बघत, मग ती सुलटी करून तिच्यावर जेमतेम अर्धे टेकत. आमच्या चारकोपच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी चहा घेऊन बाहेर आले, तर पाहुणे जमिनीवर गुडघे टेकून बसलेले आणि माझ्या माहेरची खुर्ची पाय वर करून पडलेली. “बाय, हिचा मागचा डावा पाय खोटा बोलतोय,” ते म्हणाले. मला राग आला. पुढे दिवाळीत त्याच खुर्चीवरून माझे थोरले दीर फराळाच्या ताटासकट खाली आले, तेव्हा तो राग मी मुकाट्याने गिळला.

आमच्या सेक्टरात बहुतेक कुटुंबं कोकणातली. शिमग्याच्या खेळात सोंग घेऊन नाचणारा संकासूर सगळ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे सतत शंका काढणाऱ्या या माणसाला तेच नाव पडलं. तोंडावर मात्र सगळे ‘अंकल’ म्हणत. ते जुन्या गावठाणातले, ख्रिस्ती. घरी मराठीच, पण तिला त्यांच्या गावचा एक हेल होता. अंधेरीच्या एका स्टुडिओत त्यांनी तीस वर्षं सुतारकाम केलं होतं. सिनेमातले महाल, देवळं, तुरुंग त्यांनीच उभे केलेले. “पुढून संगमरवर, मागून गोणपाट,” ते सांगायचे. “लोक पुढून बघतात नि खूश होतात. मी मागनं बघतो.”

त्यांच्याकडे आम्ही गेलो ते गरजेपोटी. माझे मिस्टर गिरणीच्या सुतारखात्यात होते. गिरणी बंद पडली आणि आमचा संसार घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडवर आला. सेक्टरात तेव्हा जिकडेतिकडे घरं बांधली जात होती आणि प्रत्येक घराला दरवाजे हवे होते. मिस्टर रंधा मारायचे, मी पॉलिशपेपर घासायचे. पण दरवाजाच्या कडेची गोलाई हाताने काढायला अख्खा दिवस जायचा आणि गिऱ्हाईक तेवढं थांबत नव्हतं. त्यासाठी स्पिंडल मशीन लागतं. लोखंडी टेबलाच्या मधोमध एक उभा दांडा गरगर फिरतो, त्याला पातं लावलेलं असतं आणि लाकूड त्याच्यावरून सरकवत न्यायचं. गोलाई मिनिटात निघते. पण लाकडात गाठ आली तर तेच पातं लाकूड उलटं भिरकावतं आणि सरकवणारा हात आत ओढला जातो. गिरणीत मिस्टरांनी तो प्रकार पाहिला होता. मी नुसता ऐकला होता, आणि तेवढ्यानेच मला धास्ती बसली होती.

नवं मशीन परवडणारं नव्हतं. जुनं घ्यायचं तर पारखणारं कुणीतरी हवं, म्हणून इनास मिस्त्रींना घेऊन आम्ही हिंडू लागलो. तिघांचं हे हिंडणं जवळजवळ दोन महिने चाललं.

पहिलं मशीन अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत होतं. हिरवंगार, आरशासारखं चकचकीत. मालकाने वर पिवळा झेंडूचा हारसुद्धा घातला होता. मिस्टर तर बघताक्षणी खूश. मिस्त्रींनी हार उचलून बाजूला ठेवला आणि नाक रंगाजवळ नेऊन हुंगलं.

“रंग कधी लावला?”

“परवाच. तुम्ही येणार म्हणून,” मालक हसून म्हणाला.

“आमच्यासाठी कशाला त्रास केला?” असं म्हणत मिस्त्रींनी टेबलाच्या खालच्या अंगाने नखं फिरवली. एका जागी ती थांबली. खिशातून किल्ली काढून त्यांनी तिथे खरवडलं, तर रंगाखालून पांढरी लांबी, भेगा बुजवायचा लगदा, निघाली आणि लांबीखालून बोटभर लांब तडा. बिडाचं टेबल तडकलेलं, वर लांबी भरून रंग मारलेला. मिस्त्रींनी हार उचलून परत मशीनला घातला आणि आम्ही निघालो. बाहेर आल्यावर म्हणाले, “लांबी मी जन्मभर भरली. माझ्यापासून ती काय लपणार?”

दुसरं घाटकोपरला. तिथे रंगबिंग काही नव्हतं. आम्ही दारात पाय ठेवला आणि मालकाने बटण दाबलं. मशीन सुरेख सुरू झालं. मला वाटलं, सुटलो. मिस्त्रींनी मात्र ते बंद करायला लावलं, मोटारीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

“आता तर चालू केलं, मग एवढी तापली कशी?”

“सकाळपासून काम चालू आहे, अंकल.”

“काम चालूय, मग भुसा कुठाय?” खरंच, खाली लादी स्वच्छ होती. मिस्त्रींनी शांतपणे स्टूल मागवलं, उलटं करून तपासलं आणि त्यावर बसून राहिले. आम्ही दोनदा चहा प्यायलो. मोटार पुरती निवल्यावर ते म्हणाले, “आता लाव.” बटण दाबलं. मोटार नुसती गुरगुरत राहिली, दांडा जागचा हलेना. गार असताना ती उचलतच नव्हती, म्हणून आम्ही यायच्या आधी ती तापवून ठेवलेली.

दोन्ही वेळा मिस्त्री खरे ठरले, तरी मशीन काही मिळालं नाही. मिस्टर वैतागले. “ह्या माणसाक घेऊन फिरलव तर आपला मशीन काय येवचा नाय,” ते घरी येऊन म्हणाले. त्यात शेजारच्यांनी कान भरले. म्हणे, संकासूर दलाल आहे, सगळी मशीनं मोडीत काढून शेवटी स्वतःच्या ओळखीचं एखादं गळ्यात मारेल. संशय ही फार लवकर लागणारी गोष्ट. मिस्त्री घरी आले की मीसुद्धा त्यांच्या प्रत्येक शब्दामागे काय आहे ते शोधू लागले. शंका घेणं मी त्यांच्याकडूनच शिकले आणि पहिली त्यांच्यावरच वापरली.

तिसरं मशीन मुलुंडला, लेलेबाईंकडे. त्यांचे यजमान निवृत्त इंजिनिअर होते. हौसेने घराच्या गॅरेजात त्यांनी सुतारकाम मांडलं होतं आणि सहा महिन्यांपूर्वी ते गेले. मशीन लहान, घरच्या सिंगल फेज विजेवर चालणारं. आणि त्याला चक्क फीडर होता. फीडर म्हणजे टेबलावर लोखंडी हातावर टांगलेली पेटी. तिच्या खाली रबराची तीन चाकं. लाकूड तोंडाशी दिलं की चाकं ते दाबून धरतात आणि स्वतःच एका गतीने पुढे नेतात. माणसाचा हात पात्याच्या आसपास जातच नाही. मी तो पाहिला आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

मिस्त्री कामाला लागले. दांडा धरून हलवला, जराही खेळ नाही, जागेवर घट्ट. मोटार गार होती आणि पहिल्या झटक्यात सुरू झाली. फीडरच्या चाकांत नख रुतवून पाहिलं, रबर मऊ. त्यांनी एक फळी घालून बघितली. ती सुतासारखी सरळ बाहेर पडली. “चाकं जरा तिरकी लावलीत,” ते पुटपुटले. “म्हणजे लाकूड गाइडला चिकटून राहतं. लावणारा जाणकार होता.” तासभर बघूनही काहीच सापडेना, तसतसा त्यांचा चेहरा जास्तच काळवंडत गेला. मग लाकूड टेकवायच्या गाइडच्या फळीवर त्यांना एक डाग दिसला. गडद, तपकिरी, तळहाताएवढा.

“बाई,” ते सरळ वळून म्हणाले, “साहेब कशाने गेले? या मशीनवर काय झालं?”

लेलेबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. “हृदयविकाराने गेले. हॉस्पिटलमध्ये,” त्या म्हणाल्या. “आणि तो डाग चहाचा आहे. रोज चारला मी कप आणून द्यायचे, ते तिथेच ठेवायचे. शंभरदा सांगून ऐकलं नाही.” मग तांब्या खाली ठेवून त्या म्हणाल्या, “मला हे मशीन तुम्हाला द्यायचं नाही. या तुम्ही.”

परतताना दोन बसा बदलल्या. गावठाणाच्या वळणावर उतरताना मिस्त्री म्हणाले, “सावंत, माझं चुकलं.” मिस्टरांनी मान फिरवली.

तीन दिवसांनी मिस्टरांनी बातमी आणली. मिस्त्रींना सकाळी धुतलेले कपडे घालून मुलुंडच्या बसमध्ये चढताना कुणीतरी पाहिलं होतं. “बघ,” ते म्हणाले, “आपल्याला उडवलं नि आता स्वतः सौदा करतोय. वाट लावली ना आपली!” ते तसेच जाऊन भांडायला निघाले होते. मी त्यांना बसवलं आणि एकटी निघाले. खरं सांगायचं तर संशय माझ्याही पोटात होता. रस्ताभर मी मिस्त्रींना सुनवायची वाक्यं जुळवत होते.

लेलेबाईंचं दार उघडंच होतं. मिस्त्री समोरच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. मला पाहून बाईंनी खुणेने बसायला सांगितलं.

“सांगा पुढे,” त्या मिस्त्रींना म्हणाल्या.

“पुढे काय, बाई,” मिस्त्री म्हणाले. “स्टुडिओत असंच एक मशीन आलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, इनास, कसंय? मी पाच मिनिटं बघितलं नि बोललो, चालू करा, काही होत नाय. माझा धाकटा भाऊ फिलिप त्यावर कामाला लागला. आठ दिवसांत त्याची उजव्या हाताची तीन बोटं गेली. दांड्यात खेळ होता. मी हलवून बघितलाच नव्हता. घरी जायची घाई होती मला. फिलिप लग्नांत व्हायोलिन वाजवायचा. मला एका शब्दाने बोलला नाय तो, आजपर्यंत. बोलला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून माझी जीभ सगळीकडे पुढे पळते. तुमच्या माणसाबद्दल असं विचारायला नको होतं मी.”

जुळवलेली वाक्यं मी तिथेच सोडून दिली.

लेलेबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “हे मशीन आणलं तेव्हा फीडर नव्हता. मी यांना वर्षभर हात लावू दिला नाही. बटण मीच काढून कपाटात ठेवलं होतं. सगळे हसायचे मला. हे चिडायचे, म्हणायचे, तू फार संशयी आहेस. शेवटी कुठूनतरी फीडर मिळवून आणला, तेव्हा बटण दिलं.” त्या किंचित हसल्या. “शेवटपर्यंत दहा बोटं शाबूत होती यांची.”

त्यांनी मशीन आम्हाला दिलं. एकच अट घातली, फीडर काढून कधी काम करायचं नाही. टेम्पोत चढवताना मिस्त्री त्यांना म्हणाले, “मी लक्ष ठेवीन, बाई.” त्यांनी ते अक्षरशः ठेवलं. पुढची कित्येक वर्षं ते आठवड्यातून एकदा शेडमध्ये येत, वीज बंद करायला लावत आणि दांडा हलवून बघत. मशीन चालवायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. मिस्टरांना फीडरचा संथपणा सोसायचा नाही, ते हाताने ढकलायला बघायचे. मिस्त्री म्हणाले, “सावंत, तुला तुझ्या हाताचा भरवसा फार. बायला नाय. तिलाच करू दे.”

एकदा सागाच्या फळीत आत दडलेली गाठ निघाली. कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि फळीच्या चिरफळ्या उडून पत्र्यावर आदळल्या. मी चार हात लांब उभी होते. मशीन बंद करून मी तिथेच खाली बसले आणि आपली बोटं एकेक करून चाचपली. त्या दिवशी मी मुलुंडला पत्र लिहिलं. लेलेबाईंचं उत्तर एका ओळीचं आलं: “संशयी बायकांचं असंच चांगलं होवो.”

इनास मिस्त्री गेले ते पावसाळा सरल्यावर, दोन दिवसांच्या तापाने. सकाळी फिलिप आमच्या दारात उभा राहिला. त्याच्या मागे मिस्त्रींची बायको, सिसिलबाई. मला वाटलं, निरोप द्यायला आलेत. सिसिलबाई म्हणाल्या, “पेटी तूच करायची. बाहेरची आणायची नाय, असं सांगून गेलाय तो.”

मी घाबरले. एवढ्या चिकित्सक माणसाची शवपेटी. घाईत काही राहून गेलं तर? मी म्हटलं, “फिलिप, तू येऊन तपासशील ना? सांधे, कडा, सगळं?”

फिलिपने नकारार्थी मान हलवली. “मी पण तेच बोललो त्याला, मी बघून घेतो. तर म्हणाला, बायने केलेलं असेल तर बघू नको.”

मिस्टरांनी सागाच्या फळ्या काढल्या. मी मशीन सुरू केलं आणि पहिली फळी चाकांच्या तोंडाशी दिली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. फळी आपली सावकाश पुढे जात राहिली.