उद्याबाईंनी कापलेलं कापड

गल्लीच्या टोकाला एका खोलीत शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंना सगळे उद्याबाई म्हणत. कपडे कधी मिळतील असं विचारलं की त्या मशीनवरून मान वर न करता "उद्या" म्हणायच्या, आणि तो उद्या कधी वेळेवर उजाडायचा नाही. पण हातात कसब असं, की गिऱ्हाईक करवादत जायचं आणि पुढचं कापड घेऊन परत यायचं.

त्यांचा नवरा घरांना रंग देणारा. चांगला आडदांड गडी, पण पोटाच्या दुखण्यानं अंथरूण धरलं. ऑपरेशन झालं, औषधं चालू होती, डॉक्टर "बघू" म्हणत होते. माणूस मात्र वाळत चालला आणि सदरे अंगावर लोंबायला लागले. नवरा शिंपिणीचा आणि सदरा ढगळ, हे उद्याबाईंना बघवेना. त्यांनी सगळे सदरे दोन्ही बाजूंनी आत घेतले. पण जादा कापड कापलं नाही. ते आतल्या बाजूला तसंच राहू दिलं आणि हातानं कच्चे टाके घातले, ओढले की निघतील असे. "देवा, यांना बरं कर. टाके उसवायचं मी बघते," एवढीच त्यांची प्रार्थना.

तो आणखी उतरला की सदरा आणखी आत जाई. आतली जाड घडी बरगड्यांना टोचायची, पण तो कुरकुरायचा नाही. कुरकुरायला नणंद होती. ती येताना भावाला फळं आणायची आणि वहिनीला उपदेश पाजायची. देवावर भार टाकला की टाकला, मनात शंका आणली तर गुण येत नाही, असं तिचं म्हणणं. बोलायला तिचं काय जात होतं? उलटीचं भांडं धरणाऱ्याला शंका येणारच. उद्याबाईंच्या तर नाकी नऊ आले होते. मशीन त्यांनी चालवायचं, औषध त्यांनी द्यायचं, धुणं त्यांनी धुवायचं, आणि वर विश्वासही त्यांनीच ठेवायचा. देवही आपल्यासारखा शिंपीच दिसतोय, असं त्या पुटपुटायच्या. रोज उद्या म्हणतो.

एका दुपारी त्यांच्या हातून ते झालं. नवऱ्याचा निळा सदरा पुन्हा आत घ्यायला काढला होता. अंग आंबलेलं, डोळे जड. हात सवयीनं चालला. सदरा मशीनखाली सरकला, पक्की शिलाई पडली आणि कात्रीनं जादा कापड कापून टाकलं. निळ्या पट्ट्या पायाशी पडल्या तेव्हा त्या भानावर आल्या. आधी काम उरकल्याचं बरं वाटलं. मग त्यांनी एक पट्टी उचलून पक्क्या शिलाईशी धरून पाहिली. चुकून झालं म्हणावं, तर इतक्या वर्षांत या हातानं चुकून कधी कापड कापलं नव्हतं. देवानं नाही, आपणच हात टेकले, असं त्यांना वाटलं आणि त्या मशीनवर डोकं ठेवून रडायला लागल्या.

नवरा कॉटवरून बघत होता. त्यानं सदरा मागून घेतला आणि हळूहळू अंगात घातला. बरगड्यांना काही टोचेना.

"बरा बसलाय," तो म्हणाला.

"मी कापलं हो. रोज तेच मागून मागून दमले मी. माझा विश्वासच संपलाय."

तो उशीला टेकला. "मग दोघांनी रोज ठेवायलाच पाहिजे असं कुठंय? आज मी ठेवतो. तू झोप."

"आणि बरे झालात तर? हा सदरा होणार नाही."

"पट्ट्या ठेव उचलून. जोड लाव तेव्हा."

"जोड दिसेल." शिंपीण रडतानाही शिंपीणच.

"दिसू दे. रंगाऱ्याचा सदरा कोण बघतंय?"

उद्याबाईंनी पट्ट्या गोळा करून त्याच्या हातात दिल्या, कॉटशेजारी सतरंजी टाकली आणि त्या आडव्या झाल्या. प्रार्थना केली नाही. पडल्या पडल्या डोळा लागला.

थोड्या वेळानं दारात गिऱ्हाईक आलं. नवऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय. उद्या या," तो हळूच म्हणाला.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं पट्ट्या मुठीत धरून डोळे मिटले आणि बायकोचं राहिलेलं मागणं पुढं चालू केलं. आधी तिच्यासाठी झोप मागितली, मग स्वतःसाठी हा सदरा तंग होईल इतकं अंग.