उलटं फिरलेलं चाक

गियर ऑइलचा उग्र वास आला की मला दुष्काळातली कोरडी प्रवरा दिसते आणि तिच्या वाळूत रुतलेली दवाखान्याची जीप. मी तेव्हा त्या दवाखान्यात स्वयंसेवक होतो. तोवर ती जीप नदी सहज ओलांडायची. नगरच्या गॅरेजातून दुरुस्त होऊन आली आणि पहिल्याच खेपेला मागचं एक चाक नुसतं गरगरत राहिलं. आतल्या अडलेल्या बाईला आम्ही बाजेवर घालून दवाखान्यात आणलं, पण बाळ वाचलं नाही. सकाळी ड्रायव्हरनं जॅक लावून मागची दोन्ही चाकं उचलली आणि डावं चाक हातानं पुढं फिरवलं. उजवं उलटं फिरलं. “पयली दोन्ही एकाच अंगाला फिरायची. नगरला दोन्ही चाकं संगं ओढणारा आतला चांगला डिफरन्शल काढून साधा घातलाय,” तो म्हणाला. “त्या काढलेल्याचे दात जुळतील अशी दुसरी जीप तालुक्यात एकच हाय, सभापतींची. डांबरावर लई रुतत आसंल बिचारी.” मी तिथंच ‘चोरी’ असा मथळा घालून पत्रक लिहायला बसलो. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, “पेट्रोल त्यांच्याच सहीनं मिळतं. गाडी खाली घ्या.” मी पत्रक छापलं, गावोगाव वाटलं. सभापतींची जीप आजही डांबरावरूनच पळते, आणि दवाखान्यानं नदीकाठी आता एक बाज कायमची ठेवली आहे.