आधी जय भीम, मग नाव

गायकवाड मावशींनी बँकेच्या कॉल सेंटरला फोन लावला तरी सुरुवात ठरलेली. "जय भीम. मी सुशीला गायकवाड बोलतेय, बिबवेवाडीहून." पलीकडची मुलगी गांगरली, तर त्या शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. आमच्या दारातही तेच. मी "जय भीम, मावशी" म्हटल्याशिवाय बाईंचं पाऊल आत पडत नसे.

सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. आईच्या पिढीतल्या बायकांनी दीक्षेनंतरचे दिवस कसे काढले ते सांगावं, लेकीसुनांनी ते टाइप करून पाठवावं आणि बुद्धपौर्णिमेला विहारात त्याचं पुस्तक निघावं. आज्या पार थकलेल्या. पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोयच नव्हती. फायली जुळवायला कुणाला तरी पैसे देऊन बसवा, असं मी सुचवलं, तर म्हणाल्या, "का? मला काय धाड भरलीय?" आणि स्वतःच प्रोग्रॅम लिहायचा म्हणून पायथन शिकायला बसल्या. मी हिंजवडीत प्रोग्रॅमर आणि वर शेजारी, म्हणजे फुकटचा मास्तर.

पौर्णिमा तोंडावर आली आणि प्रोग्रॅमने दगा दिला. ढीगभर फायली आत घातल्या, बाहेर आलं एकच पान. वर मथळा "जय भीम", खाली शेवटच्या आजीची हकिकत. बाकीच्या सगळ्या गायब. मावशींचा चेहरा पार उतरला. माझ्या हातून बायका पुसल्या गेल्या हो, एवढंच पुटपुटत राहिल्या.

चूक सापडली तेव्हा मला हसूच फुटलं. फाइलची पहिली ओळ म्हणजे बाईचं नाव, असं मावशींनी प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं. पण प्रत्येकीने आधी जय भीम घातलेलं, नाव त्याच्या खाली. प्रोग्रॅमच्या लेखी सगळ्या मिळून एकच बाई, आणि नवी हकिकत आली की आधीची पुसली जायची. मी म्हटलं, सोपं आहे, सगळ्यांची पहिली ओळ उडवतो, चहा होईपर्यंत काम संपेल.

मावशींनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"अहो इंजिनीअर, ज्या शब्दासाठी या बायकांनी अख्खं गाव अंगावर घेतलं, तो तुम्ही चहा होईपर्यंत उडवणार? माणूस आधी जय भीम म्हणतो, मग नाव सांगतो. तुमच्या यंत्राला रीत नाही, ती शिकवू."

मग मला हातही लावू देईनात. कधी कोलन विसरायच्या, कधी मधली रिकामी ओळ आडवी यायची, कुणी नेमकं जय भीमखाली आणखी "नमो बुद्धाय" घातलेलं असायचं. मी तोंड उघडलं की पंजा वर. चहा कितीदा गार झाला कोण जाणे. शेवटी प्रोग्रॅम शहाणा झाला. अभिवादन दिसलं की ते पानावर ठेवायचं, पुढे जायचं आणि खालचं नाव घ्यायचं. पौर्णिमेला विहारात प्रत्येक आजीला आपापलं पान मिळालं.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. नव्या आवृत्तीसाठी त्यांच्या मुलीने आईवर लिहून पाठवलं. प्रोग्रॅम मी चालवला, मावशींचा, जसाच्या तसा. जय भीम ओलांडून त्याने नाव घेतलं: सुशीला गायकवाड. घरात कुणी नव्हतं, तरी मी मोठ्याने "जय भीम, मावशी" म्हटलं आणि मगच पुढे वाचायला घेतलं.