परतीचे टाके

विद्यानगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्का कुणाचंही कसुतीचं भरतकाम आधी उलटं करून पाहत. मागे गाठ दिसलेली त्यांना खपत नसे. पुढे मेंदूच्या आजाराने त्यांचे हात एकेक कसब विसरू लागले. आधी वेणी गेली, मग पोलक्याची बटणं. नातीच्या बारशासाठीच्या इरकली कुंचीवर भरायला घेतलेलं गोपूर मात्र त्यांनी सोडलं नाही.

कसुतीत जाताना एकाआड एक टाका घालतात आणि परतताना मधल्या जागा भरतात. अक्कांची सुई टोकाला पोहोचली आणि खळीचा वास असलेल्या त्या नव्या कापडावर थबकली. बोटांना वळायचं कसं, ते आठवेना.

त्यांनी कुंची सुनेपुढे धरली. "परतीचं तू घाल."

"मला साधं बटण लावता येत नाही, अक्का."

"मला तरी कुठं येतंय आता? माझ्याच भोकांतून सुई काढ, वाट चुकायची नाहीस. गाठ मारलीस तर उसवायला लावीन, नोड मत्त, बघच मग."

बारशाला मी कुंची उलटी करून पाहिली. दोन्ही बाजू सारख्याच होत्या. "यातले तुमचे टाके कुठले?" मी विचारलं.

अक्कांनी अवघडलेला तळवा गोपुरावरून सावकाश फिरवला.

"सापडेनात बघ," त्या तृप्तपणे म्हणाल्या.