तांब्याचं बेसिन

पाहुण्यांच्या बाथरूमसाठी बेसिन शोधत आम्ही नवरा-बायकोने चार रविवार दुकानं पालथी घातली. दुसऱ्या कुणाकडे नसेल असंच हवं, हा हट्ट माझा. शेवटी ठोक्याचं, गोल, लखलखीत तांब्याचं मिळालं.

पहिल्या पाहुण्या आल्या त्या यांच्या गावाकडच्या आत्या. जेवून हात धुवायला आत गेल्या, त्या बाहेर येईचनात. बघते तर उष्टा हात अंगापासून लांब धरून उभ्या. बोटांवरचा वरणभात वाळलेला.

"सूनबाई, केवढं हे ताम्हन! देव कुठे ठेवलेत?"

"अहो आत्या, बेसिन आहे ते. धुवा हात."

"तांब्यात खरकटं? नको गं बाई."

आणि स्वयंपाकघरातल्या, भांड्यांनी भरलेल्या सिंकमध्ये त्यांनी चूळ भरली.

असा संताप आला मला! चार रविवारांची पायपीट, आणि या बाईंना ताम्हन दिसतं? रागारागाने चिंच घेतली आणि कुणी न वापरलेलं ते बेसिन घासत सुटले. घासता घासता हात थबकला. रोज सकाळी देवाचं ताम्हन मी अशीच घासते, याच चिंचेने. मग दुकानात मला कसं नाही दिसलं? राग दुप्पट झाला, आणि काढायला समोर कुणी नाही. तांब्यात फक्त माझंच तोंड.

आत्या गावी गेल्या. काल जेवून उठले ती हट्टाने त्याच बेसिनपुढे उभी राहिले. नळ सोडला, तोंडात पाणी घेतलं.

आणि ते तसंच तोंडात धरून, पाय आपटत, स्वयंपाकघरात गेले.