गोरिला आणि आमची भावकी

आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये भिंतीवर एक टीव्ही आहे. त्यावर कधी काय लागेल हे कुणाच्याच हातात नसतं. बहुतेक वेळा क्रिकेट, नाहीतर बातम्यांतली भांडणं. एके दिवशी मात्र जंगल लागलं होतं. ओली, गच्च झाडी, आणि तिच्यात एक गोरिला मादी पिल्लाला मांडीवर दाबून धरून त्याच्या कानातलं काहीतरी बोटाने काढत होती. पिल्लू वैतागून पाय झाडत होतं, ती त्याला सोडत नव्हती. मी ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. मागून एक जण म्हणाला, "मॅडम, माकडंच बघायची तर लोणावळ्याला जावा की. वर हातातली पिशवीपण सांभाळतील." सगळे हसले, मीही हसले. पण कंपनीच्या बसमधून घरी पोचेपर्यंत माझं ठरलेलं होतं.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. माल तपासायचा, चुकलेला असेल तर लाल टॅग लावून बाजूला काढायचा, हे माझं काम. प्रॉडक्शनची माणसं येतात, "ताई, जाऊ द्या ना, एवढंसंच तर आहे" म्हणतात. मी जाऊ देत नाही. त्यामुळे कारखान्यात माझ्यावर कुणाचं फार प्रेम आहे असं नाही. सासरीही नाही.

सासर माण गावात. आमच्या भाताच्या खाचरांवर आता काचेच्या इमारती आहेत. जमिनी गेल्या, पैसा आला, बंगले झाले, बंगल्यांमागे आयटीतल्या पोरापोरींसाठी भाड्याच्या खोल्या झाल्या. भावकी मात्र होती तशीच राहिली. सगळी आळी एका आडनावाची, आणि कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या ते सगळ्यांना ठाऊक. मी शहरातली, काळेवाडीची. आमच्या तिथे कोण कुठे गेलं ते तो परत आल्यावर कळायचं. इथे माणसाने उंबऱ्याबाहेर पाय टाकायच्या आधीच आळी विचारते, कुठं निघालात?

तयारीला दोन वर्षं गेली. गोरिला बघायला युगांडाला जायचं हे मी ठरवलं, डिसेंबरअखेर कंपनीचं शटडाऊन असतं तेव्हा जायचं हेही मीच ठरवलं. मशीनं देखभालीला बंद असतात, रजेसाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही, आणि तिकडे तेव्हा पाऊस कमी असतो. पासपोर्ट केला, पिवळ्या तापाची लस घेतली. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, त्या दिवशी घोरावडेश्वरचा डोंगर चढायचे. नवे बूट पायात मुरावेत म्हणून ते घालून भाजी आणायला जायचे. साडीवर ते बूट बघून आळीतल्या पोरी तोंडावर पदर नसल्यामुळे ओढणी धरून हसायच्या. हसू देत, म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःसाठी काहीतरी जमवत होते, आणि मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं, की स्वयंपाक करताना मी गुणगुणते अशी तक्रार घरात झाली.

नवरा आधी चेष्टा करायचा. मग त्याच्या लक्षात आलं की ही खरंच जाणार. तेव्हा म्हणाला, "एकटी जाणार? लोक मला विचारतील, बायको आफ्रिकेत काय करतीय म्हणून." आणि केवळ लोकांना काय सांगायचं या काळजीपोटी तोही यायला तयार झाला. मला वेड लागावं असा आनंद झाला होता, हे सांगायलाच हवं. वाटलं, दोघं मिळून काहीतरी बघू. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही दोघांनी मिळून बघितलेलं म्हणजे दुसऱ्यांची लग्नं.

तिकडच्या गाइडने सगळे नियम कळवले होते. ते मी नवऱ्याला एका गुरुवारी वाचून दाखवले. परवानगी ज्याच्या नावाची त्याचीच, आणि ठरल्या दिवसाचीच. आठ जणांचा गट. गोरिला सापडले की त्यांच्याजवळ फक्त तासभर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सर्दी, खोकला, ताप असेल त्याला आत सोडत नाहीत. माणसाचे आजार त्यांना होतात. आपल्याला चार दिवस नाक गळून जी सर्दी जाते, तिने त्यांचं पिल्लू मरू शकतं. मी म्हटलं, "अहो, माझी एकच विनंती आहे. निघेपर्यंत कुणाला सांगू नका. थंडीचे दिवस आहेत, घरोघर खोकला आहे. परत आल्यावर हवं तेवढं मिरवा." तो "बरं" म्हणाला.

निघायच्या आधीच्या आठवड्यात मी सेकंड शिफ्ट करून आले, तर चौकात फ्लेक्स. नवरा गॉगल लावून, हात जोडून. वर ठळक अक्षरांत 'आफ्रिका दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा', खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या भावकीचे पासपोर्टएवढे चेहरे. मी कुठेच नव्हते. गोरिला म्हणून त्यावर चिंपांझी छापला होता. मी विचारलं, तर म्हणाला, "मी कुठं लावला? पोरांनी लावला. त्यांना नाही कसं म्हणायचं?"

मग सुरू झालं ते आमच्याकडे कुणी लांब निघालं की होतंच. भावकीतल्या प्रत्येक घरी जेवण, आणि जेवण झालं की घरातल्या वडीलधाऱ्या बाईने हातावर दही घालायचं. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. भर थंडीत, फ्रिजमधलं. नाही म्हणायचं नसतं, ते अशुभ. नवरा बाहेर खुर्चीवर फेटा बांधून बसायचा, शाल घ्यायचा आणि मोकळा व्हायचा. मी आत बायकांत. कुणाचं पोर शेंबडं, कुणाला कालपासून कणकण. सगळ्यांच्या पाया पडायचं, सगळ्यांनी गालावरून हात फिरवायचा.

मी मास्क लावून गेले. चुलत सासूबाईंनी दारातच अडवलं.

"आमच्या घरात काय वास येतोय व्हय गं?"

मी समजावून सांगितलं. माणसाचा खोकला गोरिलांना बाधतो, मरतातसुद्धा.

"आमच्या खोकल्यानं माकडं मरत्यात? मग आमी कसं जित्तं हाय?" त्या म्हणाल्या, आणि बायका पोट धरून हसल्या. मग त्याच तोंडावर मूठ धरून चांगलं मिनिटभर खोकल्या, त्याच हाताने दही घेतलं आणि माझ्या तळहातावर घातलं. मी दाराकडे पाहिलं. नवरा तिथून बघत होता. त्याने मला नुसतं डोळ्यांनी सांगितलं, खा. मी मास्क खाली करून ते दही चाटलं. आजही ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्या म्हातारीवर नाही. तिला जे येत होतं ते तिने मायेने केलं. तो माणूस दारात उभा राहून एक शब्द बोलला असता, "काकू, तिला नको," तर त्याचं काय गेलं असतं?

विमानातच घसा धरला. पुढे डोंगरातल्या रस्त्याने गाडी दिवसभर चालली, तोवर छातीत घरघर सुरू झाली. गेस्ट हाऊसवर नवऱ्याने गोळी दिली. म्हणाला, "सकाळपर्यंत दाबून टाकेल. तिथं तासभर खोकू नकोस म्हणजे झालं." मी रात्री उशीत तोंड खुपसून खोकत होते, आणि प्रत्येक खोकल्याला डोळ्यांसमोर ते पाय झाडणारं पिल्लू येत होतं.

सकाळी जंगलाच्या तोंडाशी आम्हा आठ जणांना बाकांवर बसवलं. समोर झाडी इतकी दाट की डोंगर दिसत नव्हता, नुसता हिरवा अंधार. एक रेंजर बाई गणवेशात उभी राहून नियम सांगत होती. सांगता सांगता तिने विचारलं, कुणाला बरं नाहीये का? सर्दी, खोकला? गोळीने खोकला खरोखरच दबला होता. माझा आवाज थोडा बसला होता, बाकी कुणाला काही कळलं नसतं. नवऱ्याने मी पांघरलेल्या शालीखाली माझा दंड घट्ट धरला.

मी हात वर केला.

आता कुणाला वाटेल, मोठेपणा केला. मोठेपणा कसला? रडू येत होतं मला. पण इतकी वर्षं दुसऱ्यांचा माल हाताखालून जाऊ दिला नाही, आणि स्वतःची पाळी आली की जाऊ दे म्हणायचं, हे मला जमेना. त्या बाईने माझ्या कपाळाला ते तापाचं यंत्र धरलं, आकडा बघितला, आणि मान हलवली. मग म्हणाली, सांगितल्याबद्दल आभारी आहे. इतक्या लांब येऊन हे सांगणं सोपं नाही, हे मला कळतं. परक्या मुलखातल्या परक्या बाईला ते कळलं.

नवरा कुजबुजला, "कुणी विचारलं होतं तुला? गप बसायचं ना." मग थोडा वेळ बुटांची नाडी बांधत बसला. मी म्हटलं, "तुम्ही जाऊन या." हे म्हणायचं म्हणून म्हणतात. पाहुणे "आता निघतो" म्हणाले की आपण "बसा हो" म्हणतो, तसं. समोरच्याने "छे, तुला सोडून कसा जाऊ" म्हणायचं असतं. मग आपण पुन्हा जा म्हणायचं, आणि मग त्याने खुशाल जावं, माझी काही हरकत नव्हती. मला फक्त ते एक वाक्य हवं होतं. तो म्हणाला, "हां, दोघांचंही कशाला वाया घालवायचं?" आणि काठी घेऊन उठला.

मी पडवीत बसून राहिले. कुणीतरी आल्याचा चहा आणून दिला. दुपारनंतर ती मंडळी चिखलाने माखून, हसत परत आली. नवऱ्याचा चेहरा असा उजळलेला मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. तो सांगत होता, मी ऐकत होते. मादी होती, म्हणाला, पिल्लूही होतं. कानाचं मी विचारलं नाही.

परत आल्यावर पुन्हा शाल, पुन्हा फेटा. आमच्याच हॉलमध्ये सगळी भावकी जमली. टीव्हीवर फोटो लावले होते. नवरा हात पसरून सांगत होता, एवढ्यावर होता, ह्या सोफ्यापासून त्या दारापर्यंत. मी आणि थोरल्या जाऊबाई आत पोळ्या करत होतो. त्यांना मी आक्का म्हणते. हॉलमधून कुणीतरी विचारलं, "वहिनी कुठल्याच फोटोत कशा नाहीत?"

"ती कशी असेल?" नवरा म्हणाला. "फोटो तीच काढत होती ना."

सगळे वा वा म्हणाले. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. आक्कांच्या ते लक्षात आलं नाही. त्या तव्यावर झुकल्या होत्या. आयुष्यात तळेगावच्या पलीकडे न गेलेली बाई, पण तिलाच खरं विचारावंसं वाटलं.

"डोळं कसं असत्यात गं त्येंचं? माणसावानी?"

"मला नाही माहीत, आक्का. मी आत गेलेच नाही. खोकला होता म्हणून बाहेर ठेवलं."

"आन् भाऊजी?"

"ते गेले."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. पोळी तव्यावर फुगली, तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मग एवढ्या लांब जाऊन तू काय बघितलंस?"

"ह्यांची पाठ," मी म्हटलं. "झाडीत शिरताना."

आक्कांनी पोळी उतरवली, टोपल्यात टाकली, वर तूप लावलं.

"त्येच्यापायी इमानानं कशाला जायचं बाय?" त्या म्हणाल्या. "ती हितं बी दिसतीच की."