डब्बलने केलेला जोड

माझ्या नवऱ्याला कामावर सगळे डब्बल म्हणतात. खिशात दोन टॉर्च, पिशवीत दोन छत्र्या, किल्ल्यांचे दोन जुडगे, आणि डोळ्यांवरचा चष्मा फुटला तर असावा म्हणून शर्टाच्या खिशात दुसरा. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. "लिफ्ट एका दोरावर कधी टांगत नाहीत," हे वाक्य त्याने मला लग्नाआधी ऐकवलं होतं, आणि मी इतकी बावळट की मला ते भारी वाटलं होतं. लग्नानंतर चार दिवस मी त्याला अहो म्हटलं. पाचव्या दिवशी पहिलं भांडण झालं, त्यात अरेवर आले, ती तिथेच राहिले.

भांडण हा माझा धंदाच म्हणा ना. मोठ्या दवाखान्यातल्या चौकशीच्या खिडकीत मी सत्तावीस वर्षं बसले. रांगेत कुणी घुसला की मी खुर्चीतून न उठता त्याला मागे पाठवायची. माझा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. आता तो नाही. म्हणून हे सगळं लिहून सांगतेय, नाहीतर तुम्हाला समोर बसवून सांगितलं असतं आणि मध्ये तोंड उघडू दिलं नसतं.

घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, महिन्याच्या आत. मी बधिर होऊन ऐकत होते, आणि डब्बल त्यांना विचारत होता, "दुसरं काही असतं का? म्हणजे पर्यायी?" दुसरं नसतं. पण वाचा सुधारणाऱ्या बाईंनी एक वाट दाखवली. आवाज आहे तोवर सोळाशे वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची. ऑपरेशननंतर ती सगळी त्यांच्याकडे द्यायची, त्यावरून ते माझा आवाज तयार करणार. मग मी टाइप करायचं आणि मशीन माझ्याच आवाजात बोलणार. "रागाची वाक्यंही वाचा," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, त्याची काळजी नको.

वाक्यं ठेवायची कुठे, हा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात चपलांच्या कपाटात वरच्या कप्प्यात सर्व्हर आहे. होता. पाच वर्षांपूर्वी डब्बलने स्वतः जुळवला, कारण घरचे फोटो परक्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे नाहीत म्हणे. काळी पेटी, आत दोन हार्ड डिस्क. एकीवर जे जातं ते आपोआप दुसरीवरही. दोन्ही फोन दर महिन्याला त्यात रिकामे व्हायचे. डिस्कना वीज देणारी वायर आखूड पडली, तेव्हा त्याने लांब तुकडा आणून एका वायरीचे दोन फाटे केले, तारा कथलाने झाळून वर काळी पट्टी गुंडाळली. लोक पाहुण्यांना नवे पडदे दाखवतात, याने तो जोड दाखवला. आणि खरंच देखणा होता हो, कुठे सुरकुती नव्हती.

मी बेडरूममध्ये कपड्यांचं कपाट उघडं टाकून त्यात तोंड घालून वाचायची. आवाज घुमत नाही म्हणे. "खिडकीबाहेर पिवळी बस उभी आहे." "काकू, तुमचं कुलूप माझ्याकडे राहिलं." घसा बसलेला, पण आवाज माझाच. रोज ऐंशी वाक्यं. डब्बल ती सर्व्हरवर चढवायचा आणि फोनमधून पुसायचा. मी म्हटलं, "राहू दे ना फोनमध्ये." तो म्हणाला, "दोन ठिकाणी आहेत. तिसरीकडे कशाला?"

नवव्या दिवशी त्याचा फोन वाजला. सर्व्हरचा निरोप: डिस्क दोन सापडत नाही. दहा मिनिटांनी दुसरा निरोप: डिस्क दोन सापडली.

"सापडली ना? मग झालं," मी म्हटलं.

"हरवलीच का?" तो म्हणाला, आणि त्याने लिफ्टच्या तक्रारींची वही काढली. तारीख, तक्रार, उपाय. पहिला उपाय, डिस्कची केबल बदलली. चार दिवस शांत गेले. मग पुन्हा तेच. केबल दुसऱ्या खाचेत लावली. दोन दिवस. मग पंखा साफ केला, पेटीखाली रबर घातलं, डिस्कांच्या जागांची अदलाबदल केली. आता निरोप आला, डिस्क एक सापडत नाही. त्याला कोण आनंद! "दोष सरकला! सरकतो तो दोष सापडतो." मला मात्र ते लक्षण बरं दिसेना. दवाखान्यात सत्तावीस वर्षं बसलेली बाई मी. आज इथे दुखतं, उद्या तिथे, असं सांगणारे पेशंट बरे होताना मी फारसे पाहिले नाहीत.

एक आवाजही सुरू झाला. वाटीवर नख मारावं तसा, टक्. जेवताना, आंघोळीला जाताना, वाक्य वाचतानाही. टक् झालं की आम्ही दोघं फोन वाजायची वाट बघायचो.

"अरे, आधी माझी वाक्यं दुसरीकडे काढून ठेव," मी रोज कानीकपाळी ओरडायची. "माझ्या बहिणीच्या कॉम्प्युटरवर टाक. घराला आग लागली तर आधी माणसं काढतात की वायरिंग तपासतात?"

"बिघडलेल्या लिफ्टमध्ये माणूस चढवत नाहीत," तो म्हणायचा. "आता एवढा माल ओढायला लावला आणि मध्येच तुटलं तर? आधी दोष, मग भार. आणि दोन दोर आहेत, घाबरतेस काय?"

ज्याच्या हातून एकतीस वर्षांत एक लिफ्ट पडली नाही, त्याला मी लिफ्ट शिकवू?

सोळाशेवं वाक्य झालं त्या दिवशी मी स्वतःचं एक जादा वाचलं: "डब्बल, ओला टॉवेल पलंगावर टाकू नकोस." तो हसला, आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसला.

ऑपरेशन गुरुवारी होतं. मंगळवारी दुपारी मी चपला काढायला कपाट उघडलं आणि हात वर गेला. तो जोड गरम होता. चहाचा भरलेला ग्लास लागतो तसा. मी लगेच फोनवर आवाजी निरोप धाडला, अकरा सेकंदांचा. तो सात मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये होता. संध्याकाळी घरी आला, मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. "बोलू नकोस. डॉक्टरांनी घशाला विश्रांती सांगितलीये ना?"

मला वाटलं, निरोप ऐकला असेल. नसेल पटत, तर नसो. त्याचा लाडका जोड ना तो! आणि एकदा सांगितलेलं मी दोनदा का सांगू? लग्नाला तीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा वाद घातला नाही. घातला असता तर? रोज विचारते स्वतःला.

बुधवारी त्याने माझ्या फोनमधलं सगळं सर्व्हरवर चढवलं, आणि मला दवाखान्यात न्यायला म्हणून फोन पुसून नवा केला. गुरुवारी पहाटे फोन वाजला, डिस्क दोन सापडत नाही. दवाखान्यात निघायच्या आधी त्याने ती डिस्क कोरी केली आणि पहिलीवरून सगळं नव्याने भरायला लावलं. नऊ तासांचं काम. "तू बाहेर येशील तोवर दोन्ही दोर नवे," तो म्हणाला. कपाटाचं दार लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि आम्ही निघालो.

नऊ तास दोन्ही डिस्क एकदम राबत होत्या, आणि दोघींची वीज त्या एका जोडातून जात होती. बंद कपाटात तो तापत गेला. आतली झाळ एका बाजूला कच्ची राहिली होती, वरच्या पट्टीखाली कुणाला दिसणार? लाल आणि पिवळी वायर वितळून एकमेकींना चिकटल्या, आणि नको तेवढी वीज दोन्ही डिस्कांत एकाच वेळी शिरली. दोर दोन होते हो. हूक एकच होता.

संध्याकाळी तो माझ्या खाटेशी आला. माझ्या गळ्याला नळी, तोंडातून हूं नाही की चूं नाही. "सगळं छान झालं, डॉक्टर म्हणतात," तो म्हणाला. त्याच्या शर्टाला जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. उजव्या अंगठ्यावर टपोरा फोड. मी पाटीवर लिहिलं: जोड? त्याने पाटी पालथी करून माझ्या पांघरुणावर ठेवली, आणि तिच्यावर डोकं टेकलं.

डिस्क जाणकारांकडे पाठवल्या. तीन आठवड्यांनी दोन्ही परत आल्या, काही निघत नाही अशा चिठ्ठीसह. बहिणीच्या फोनमध्ये माझे दोन निरोप मिळाले, "पोचले" आणि "ठेवते". बाई म्हणाल्या, एवढ्यावर आवाज होत नाही. आता माझं मशीन एका अनोळखी तरुण पोरीच्या आवाजात बोलतं. मी टाइप करते, "टॉवेल उचल," आणि ती पोर इतकं गोड म्हणते की मलाच तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. डब्बल टॉवेल उचलतो. पूर्वी उचलत नसे.

गेल्या महिन्यात तो भरदुपारी काम सोडून घरी आला. चपला न काढता माझ्यासमोर बसला, फोन टेबलावर ठेवला. ऐकलेले निरोप तो लगेच पुसतो, ही त्याची जुनी सवय. न ऐकलेले तसेच पडून राहतात. लिफ्टच्या शाफ्टमध्ये रेंज नसते, आणि बायकोचा निरोप काय असणार, भाजी नाहीतर गिरणी, दारात पुन्हा सांगेलच. ऑपरेशनआधीच्या मंगळवारचा माझा निरोप त्याने ऐकलाच नव्हता; तो आज जुने निरोप चाळताना सापडला.

त्याने बटण दाबलं. खोलीत माझा आवाज आला, बसलेला, खरखरीत, रागावलेला. "अरे, तुझा तो जोड गरम लागतोय. आधी माझी वाक्यं दुसरीकडे काढ, मग काय ते दुरुस्त करत बस. ऐकतोयस ना?"

त्या अकरा सेकंदांच्या त्याने आता सहा ठिकाणी नकला ठेवल्यात. बहिणीकडे, बाईंकडे, बँकेच्या लॉकरमध्येसुद्धा. रोज सकाळी कामावर निघताना दारात उभा राहून तो निरोप लावतो. शेवटचा प्रश्न आला की मान खाली घालून म्हणतो, "ऐकतोय गं." मग जातो. पाटी माझ्या हातातच असते, पण तेवढ्या वेळात मी तिच्यावर काही लिहीत नाही.